वसुधाताईंच्या मागचा टेम्पो

आमच्या घरात कुठलंही काम सुरू होण्याआधी माईक तपासला जायचा. परभणीजवळच्या झरीत आमचा मंडपाचा धंदा. पुढच्या खोलीत सतरंज्या आणि कनातींच्या घड्या छतापर्यंत गेलेल्या, ओसरीत लोखंडी खुर्च्यांची चळत, आणि अंगणात उपड्या घातलेल्या मोठाल्या कढया, ज्यांच्या सावलीत कोंबड्या अंडी घालत. माईक नामदेवकाकांच्या ताब्यात असे. काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. लग्नातल्या सूचना देऊन देऊन त्यांचा आवाज कायमचा तसाच बसला होता. सकाळी चहा हवा असला तरी ते साधं मागत नसत. "वहिनीसाहेबांना नम्र विनंती, की कपभर चहा ओसरीवर पाठवून उपकृत करावं," असं भोंग्यावरून सांगत, आणि शेजारची चार घरंही चहा ठेवत. दळणाच्या गिरणीसारखा हा आवाज आमच्या कानाला इतका सवयीचा झाला होता, की काका परगावी गेले की आम्हाला घरात कुणी आजारी असल्यासारखं वाटायचं.

माझी आई, म्हणजे आम्हा सगळ्यांची माय, येसर करायची. गहू, हरभरा डाळ, धने, खोबरं आणि मसाले भाजून दळलेलं ते पीठ असलं, की शंभर माणसांची आमटी घटकाभरात होते. मराठवाड्यातलं लग्न येसराच्या आमटीशिवाय लागतं, पण लागल्यासारखं वाटत नाही. भाजण्याचा तो वास माझ्या शाळेच्या वह्यांना, दप्तराला, वेणीलासुद्धा यायचा. परीक्षेत माझ्या मागच्या बाकावरच्या मुलीला हटकून भूक लागे. आता माझ्या घरात येसर विकतच्या पुडीतून येतो. मी तो गुपचूप वापरते आणि मायच्या फोटोकडे बघत नाही.

वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. दादांनी जगाचे दोनच भाग केले होते: एक वऱ्हाडी आणि दुसरे आपण. पुढाऱ्याची सभा असो, सप्ताह असो की कुणाच्या तेराव्याचं जेवण, जो येईल तो वऱ्हाडी आणि आपण मुलीकडचे. वऱ्हाड्याने काही मागायच्या आत ते त्याच्यापुढे यायला हवं, त्याचं ताट रिकामं दिसू नये, त्याच्या कपाळाला घाम दिसू नये, आणि तो रुसला तर चूक आपली. या एका नियमावर दादांनी अख्खा धंदा उभा केला होता आणि तो उत्तम चालला होता. त्यामुळे जगात असेही पाहुणे असतात ज्यांना घामच गाळायचा असतो, हे त्यांना कुणी सांगून पटण्यासारखं नव्हतं.

बारावीची परीक्षा जवळ आली होती आणि मी अभ्यास करायलेय असं घरात सगळ्यांना वाटत होतं, त्या दिवसांत पुण्याकडचा समीर नावाचा तरुण आमच्याकडे आला. पाय गमावलेल्या माणसांना कृत्रिम पाय बसवायचं शिबिर जिंतूरला भरणार होतं. त्यासाठी लोकांकडून मदत गोळा करत आठजण पुण्याहून सायकलवर यायचे होते. वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर तिथल्याच लोकांनी आपली गाडी घेऊन मागे राहायचं, पाणी द्यायचं, केळी द्यायची, पंक्चर काढायला मदत करायची, अशी त्यांची पद्धत. पोखर्णी ते जिंतूर हा शेवटचा टप्पा, आणि त्यासाठी त्याला आमचा टेम्पो हवा होता. दादा ऐकता ऐकताच हो म्हणाले. भाड्याचा विषय त्यांनी समीरच्या तोंडातून बाहेरच पडू दिला नाही.

"दोनच गोष्टी लक्षात ठेवा, काका," समीर म्हणाला. "गाडी कायम मागे. आणि कुणालाही गाडीत बसवायचं नाही. जो गाडीत बसला त्याची राईड तिथेच संपली."

"बराबर," दादा म्हणाले.

"अगदीच कुणी आजारी पडलं तर गोष्ट वेगळी."

"आवं, आजारी कशाला पडतील? आमी हाव की."

समीर गेल्यावर दादा बराच वेळ मिशीला पीळ देत बसले. मग मायला म्हणाले, "ज्याला पाय न्हाईत त्याच्यापायी पायवाल्यानं सायकल मारायची. म्हंजे दोघांचेबी पाय गेले. ह्यात फायदा कुनाचा?"

"चांगलं काम हाय. तुमी गप टेम्पो न्या," माय म्हणाली.

दादांनी टेम्पो न्यायचं ठरवलं, पण गप राहायचं त्यांना जमणार नव्हतं. राईडच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मंडपाच्या पोरांना बोलावून हुकूम सोडले: वऱ्हाड पोखर्णीला उतरायलंय, जेवण झरीत, मानपान जिंतुरात, गाद्या आणि लोड टेम्पोत टाका. काकांनी टेम्पोच्या टपावर भोंगा बांधला. मला पाण्याच्या घागरीवर नेमलं. दुसऱ्या दिवशी शनिवार होता आणि घरात राहिले असते तर भौतिकशास्त्र वाचावं लागलं असतं, म्हणून मी आनंदाने गेले.

पोखर्णीला नृसिंहाचं दर्शन घेऊन मंडळी बाहेर आली, तेव्हा त्यांच्या अंगाला चिकटलेल्या काळ्या चड्ड्या बघून दादांनी आधी आभाळाकडे पाहिलं, मग देवळाच्या कळसाकडे, आणि मग ठरवून फक्त त्यांच्या तोंडाकडे. पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने काकांना विचारलं, "इलेक्शन लागलं का काय?" तेवढ्यात दादांनी पिशवीतून फेटे काढले. डोक्यावर हेल्मेट आहे, ते काढता येणार नाही, असं समीरने परोपरीने सांगितलं. दादांनी ते मान्य केलं आणि फेटे हेल्मेटवरून बांधले. आठ माणसांची डोकी परातीएवढी झाली. वारा सुटला की ते सगळे एका बाजूला झुकत आणि सायकलीही त्यांच्या मागोमाग झुकत.

त्या आठांत वसुधाताई होत्या. साठी उलटलेली, अंगाने काटकुळी, पांढरे केस मुलासारखे कापलेले. बँकेतून निवृत्त झालेल्या आणि समीरची आई. फेटा बांधून घेताना त्या सोडून बाकी सगळ्यांनी कुरकुर केली. मी पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं.

"नाव काय गं तुझं?"

"शोभा."

"शोभा, तुझे वडील फार प्रेमळ दिसतात."

"हो."

"मला त्याचीच भीती वाटतेय," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनी मला सगळं सांगितलं. गेल्या वर्षी घराजवळच त्यांना चक्कर आली आणि त्या सायकलवरून पडल्या. तेव्हापासून समीरचं एकच पालुपद, की आता सायकल बंद कर. शेवटी दोघांत ठरलं: या राईडमध्ये पुण्यापासून जिंतूरपर्यंत त्या एकदाही गाडीत बसल्या नाहीत, तर समीर पुन्हा सायकलचं नाव काढणार नाही. एकदा जरी बसल्या, तर घरी गेल्यावर सायकल कुणाला तरी देऊन टाकायची. "पुण्यापासून इथवर आलेय. एकदाही बसले नाही. आता आज मला काही झालं तरी बसवू देऊ नकोस. ही सायकल गेली ना, तर मी दिवसभर खिडकीत बसून राहीन. मला खिडकीत बसायचं नाही." तांब्या धरलेल्या माझ्या हातावर त्यांची पकड घट्ट होती. त्या वयात कुणी मोठ्या माणसाने माझ्यावर असं काही सोपवलं नव्हतं. मी मान हलवली आणि मनातल्या मनात दादांना घाबरले.

घाबरण्यासारखंच होतं. टेम्पो सुरू करायच्या आधीच दादा मला म्हणाले, "ह्या माउलीला सायकलवर घातलं कुनी? पोरगं पुढं अन माय मागं? बघ, परभणी यायच्या आत तिला गादीवर बसवतो का न्हाई."

गाडी मागे राहायचं ठरलं होतं, पण ती गावच्या वेशीपर्यंतसुद्धा मागे राहिली नाही. दादा पुढे गेले, रस्त्याकडेला सतरंजी अंथरली आणि आठहीजणांना पंगतीला बसवलं. केळं हातात देणं म्हणजे माकडाला देणं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून प्रत्येकापुढे पत्रावळ मांडून तिच्यावर एकेक केळं वाढलं गेलं. काकांनी भोंग्यावरून सांगितलं, "मंडळी, सावकाश होऊ द्या." पुढे एका शेतात हुरडा भाजत होते. त्या शेतकऱ्याने ही फेटेवाली माणसं बघितली आणि तो हात जोडून रस्त्यात आडवा झाला. दादांना तर नाही म्हणणं शक्यच नव्हतं, कारण तिथे ते स्वतःच वऱ्हाडी झाले होते. गरम हुरडा, गूळ, शेंगदाण्याची चटणी. दोघे सायकलवाले बांधावर लवंडले ते उठेचनात. दादांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि पोरांनी त्या दोघांना सायकलींसकट टेम्पोत घातलं. "आजारी हायेत," दादांनी समीरला सांगितलं. ते हुरड्याने आजारी होते, हे खोटं नव्हतं.

परभणीत काकांना राहवलं नाही आणि त्यांनी लग्नातली कॅसेट लावली. मग जे व्हायचं ते झालं. कुठून कोण जाणे चार पोरं आली आणि समीरच्या पुढे नाचायला लागली. समीर सगळ्यांत पुढे होता, फेट्यात होता आणि घामाघूम होता, म्हणजे तोच नवरदेव, हे सांगायला कुणी लागलं नाही. एका अनोळखी काकूंनी त्याच्यावरून लिंबू उतरवून टाकलं. "नवरी कुठंय?" असं कुणीतरी विचारलं, तेव्हा वसुधाताई शांतपणे मागून येत होत्या. लोकांनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा समीरकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. माझ्या नातवंडांना हे सांगितलं की ती मोबाईलवर व्हिडिओ आहे का म्हणून विचारतात. नाही, आणि तो नाही ही देवाची कृपाच.

झरीत मायने जेवण मांडलं होतं. येसराची आमटी, भरली वांगी, पुऱ्या, बुंदी, मठ्ठा. समीरने आधीच जाहीर केलं, "आम्ही थोडंच खाऊ, काकू. पुढे चढ आहे." माय म्हणाली, "खा की, चढ काय पळून जायलाय का?" आग्रहाचं काम दादांकडे होतं. पहिली बुंदी पाहुण्याच्या नावाची, दुसरी गावाच्या नावाची, तिसरी ज्यांना पाय बसणार त्यांच्या नावाची. ह्या तिसरीला कुणाला नाही म्हणता आलं नाही. समीरला तर अजिबात नाही, कारण शिबिर त्याचंच होतं. वसुधाताईंनी अर्धी पुरी आणि वाटीभर आमटी घेतली, हेल्मेट मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसल्या आणि दादा जवळ आले की ताटावर हात आडवा धरत राहिल्या.

जेवणानंतर पाच मिनिटं पाठ टेकतो, असं समीर म्हणाला. लिंबाच्या सावलीला दादांनी गाद्या घातल्याच होत्या. थोड्या वेळात अंगणात घोरण्याखेरीज काही आवाज राहिला नाही. काकांनी भोंगासुद्धा बंद केला. ऊन कलायला लागलं तरी कुणी हलेना. मी दादांना म्हटलं, "उठवा ना त्यांना." दादा म्हणाले, "निजलेल्या वऱ्हाड्याला उठवायचं? पाप लागतं." मग त्यांनी मंडपाच्या पोरांना खूण केली. चौघांनी गादीची चार टोकं धरली आणि समीरला, झोपेत जरासुद्धा हेलकावा न देता, उचलून टेम्पोत ठेवलं. मागोमाग बाकीचे. मंडपाची पोरं होती ती. भरलेल्या आमटीचं पातेलं न सांडता नेणारी.

वसुधाताई हे सगळं बघत होत्या. मला वाटलं त्या ओरडतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला हसूच म्हणावं लागेल. "त्याला उठवू नका हं," त्या पोरांना म्हणाल्या. "पुण्यापासून दमलाय बिचारा." आणि हेल्मेट घालून उभ्या राहिल्या.

आता प्रश्न सायकलींचा होता. सात सायकली बिनमाणसाच्या उभ्या होत्या आणि जिंतूरला आठ सायकली येणार असं सांगून झालं होतं. दादांच्या धंद्यात शब्द म्हणजे शब्द. "आठ सायकली म्हन्लंय, आठ सायकली पोचतील," ते म्हणाले. "वर मानूस कोन का असंना. वरातीत घोडं महत्त्वाचं." शिवाय पाहुणीबाई सायकलवर आणि आपण टेम्पोत, हे त्यांना आधीपासूनच खुपत होतं. तेव्हा पाच सायकलींवर मंडपाची पोरं बसली, लुंग्या वर खोचून. एकीवर दादा स्वतः बसले, धोतरात. समीरची सायकल माझ्याकडे आली. टेम्पो काकांनी घेतला, एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्यात माईक. माय मागे निजलेल्या वऱ्हाडाला पदराने वारा घालत बसली. अशा रीतीने मदतीची गाडी चालवणारे सगळे सायकलवर आणि सायकल चालवणारे सगळे गाडीत, असे आम्ही झरीहून निघालो. त्या सायकलीची बैठक करवंटीएवढी होती, आणि तिच्याबद्दल मी याहून जास्त काही लिहिणार नाही.

बोरी गाव मागे पडल्यावर वारा समोरून यायला लागला. पोरं जोरात होती, दादाही चांगले चालवत होते. मंडपाचे बांबू वाहून त्यांच्या पायात बळ होतं. वसुधाताईंचा वेग मात्र कमी होत गेला. मी त्यांच्या बाजूने चालवत होते. त्या बोलेनाशा झाल्या, ओठ पांढरे पडले. जिंतूरच्या अलीकडच्या चढाला त्या उतरल्या आणि सायकल हातात धरून उभ्या राहिल्या. मी विचारलं, "चक्कर येतेय का?" त्या म्हणाल्या, "नाही. फक्त दम लागलाय. पाणी दे." मी त्यांच्याकडे नीट बघितलं. चक्कर नव्हती. पाणी प्यायल्या, तोंडावर मारलं, गुळाचा खडा तोंडात टाकला.

पण दादांनी वर जाऊन मागे वळून बघितलं होतं. ते सायकल वळवून सुसाट खाली आले, मागोमाग पोरंही. त्यांनी टेम्पोतून खुर्ची काढली, वरमाईला देतात ती, लाल गादीची, आणि डांबरी रस्त्याच्या मधोमध ठेवली. एका पोराने वर छत्री धरली. "बसा, ताई," दादा म्हणाले. खुर्ची म्हणजे गाडी नव्हे, हा हिशेब करून ताई बसल्या. दादांनी पोरांकडे बघितलं. पोरं खुर्चीच्या चारी पायांशी येऊन वाकली, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की खुर्ची उचलून तशीच टेम्पोत ठेवायचा बेत आहे.

"दादा, न्हाई!" मी ओरडले. दादांवर मी कधी आवाज चढवला नव्हता. माझा मलाच तो आवाज ओळखू आला नाही. "त्यांना न्हाई बसायचं गाडीत. त्यांची सायकल जाईल. मग त्या घरात बसून राहतील. तुमी सोडा त्यांना!"

पोरं वाकलेली तशीच राहिली. मागे कापसाने भरलेला ट्रक येऊन थांबला होता, त्याने हॉर्न वाजवला. दादा ताईंसमोर रस्त्यावर उकिडवे बसले. त्यांचा आवाज एकदम उतरला.

"माझी माय गाडीमागं चालायची, ताई," ते म्हणाले. "ऊसतोडीला जायचो आमी. पार कारखान्यापस्तोर. बैलगाडीत भांडीकुंडी, सरपन, कोंबड्या, अन वर मी. तिला जागाच न्हवती. मी वरून बगायचो. तिचे पाय फुटलेले दिसायचे. आता येवढा टेम्पो हाय माझा. अन तुमी माझ्या मायच्या वयाच्या, अशा घाम गाळायलाव. मला न्हाई बगवत."

मी हे कधी ऐकलं नव्हतं. आजी मला ओसरीवर बसलेली, सुपारी कातरणारी तेवढीच आठवत होती. ती चालत कुठे गेली असेल, हा विचारच माझ्या मनात कधी आला नव्हता. टेम्पोत मायचा वारा घालणारा पदर थांबला होता.

वसुधाताई पुढे वाकल्या. "तुमच्या आईला कुणी विचारलं होतं का, गाडीत बसायचंय का म्हणून?"

"कोन इचारतंय?" दादा म्हणाले.

"मग मला तरी विचारा."

दादांनी तोंडावरून हात फिरवला. आयुष्यभर पाहुण्याने काही मागायच्या आत पुढे केलेला माणूस. विचारायचं कसं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. खाकरले. हात जोडले.

"गाडीत बसता का, ताई?"

"नाही," ताई म्हणाल्या.

"बरं," दादा म्हणाले, आणि उठले.

आता ते फक्त "बरं" म्हणाले, एवढंच लिहून मला थांबता येत नाही. तो एक शब्द त्यांना किती जड गेला ते मी समोरून पाहिलं आहे. पण दादांच्या डोक्यात एकदा गोष्ट शिरली की ती पुन्हा लग्नाच्याच वाटेने बाहेर येई. ते सरळ टेम्पोकडे गेले आणि काकांना म्हणाले, "नामदेवा, वरातीत नवरदेवाच्या पुढं कोनी जातं का?"

"न्हाई बा."

"मग ताईच्या पुढं कोनी जायचं न्हाई. कोनीच."

ताई चढ चढायला लागल्या. त्यांच्या मागे मी, माझ्या मागे दादा आणि पोरं, आणि सगळ्यांच्या मागे टेम्पो, रस्त्याच्या मधोमध. कापसाच्या ट्रकला वाट मिळाली नाही. ट्रकमागे एसटी होती, तिला मिळाली नाही. एसटीमागे उसाचे ट्रॅक्टर, जीपा, मोटरसायकली. एसटीच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "आवं, काय मयत हाय का लगीन हाय?" काकांनी भोंग्यावरून उत्तर दिलं, "मागून येणाऱ्या तमाम बंधू-भगिनींना नम्र विनंती, पुढे आमच्या ताई सायकल चालवत आहेत, तरी घाई करू नये, वाहनं जपून चालवावीत, आणि आपले आशीर्वाद असू द्यावेत." ड्रायव्हरने कपाळाला हात लावला. पण कंडक्टरने खाली उतरून ताईंना पाण्याची बाटली दिली, आणि एसटीतल्या बायका खिडक्यांतून हात हलवायला लागल्या. ताईंनी मागे वळूनही बघितलं नाही. त्या दोनदा उतरल्या, दोनदा पुन्हा बसल्या. दादा दोन्ही वेळा थांबले, हात पाठीमागे बांधून, आपलेच हात आपण धरून ठेवल्यासारखे.

जिंतूरच्या वेशीवर शिबिराची माणसं हार घेऊन उभी होती. त्यांनी सायकलवरच्यांना हार घातले, म्हणजे मंडपाच्या पोरांना, दादांना आणि मला. एका पाहुण्याने दादांच्या धोतराकडे बघून "पुण्याची माणसं किती साधी!" असं कौतुक केलं. तेवढ्यात टेम्पोत हालचाल झाली. समीर उठून बसला, केस विस्कटलेले, गालावर गादीचे वळ. त्याने आजूबाजूला बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं की आपण कुठे आहोत आणि कशात आहोत. समोर त्याची आई सायकलला धरून उभी होती.

"आई," तो म्हणाला, "तू... अख्खं?"

"अख्खं," ताई म्हणाल्या. "आणि तू रे?"

समीरने मायकडे बघितलं, दादांकडे बघितलं आणि पोटावर हात ठेवला. मग टेम्पोतून उडी मारून त्याने आईला मिठी मारली. तिची सायकल त्याने स्वतः उचलली आणि हातातल्या रुमालाने तिची धूळ पुसायला लागला. मी तिथेच, हार गळ्यात घालून, सगळ्यांसमोर रडले. ताईंनी माझ्या पाठीवर थोपटलं आणि कानात म्हणाल्या, "अगं रडतेस काय, सायकल राहिली माझी." त्या पुढे बरीच वर्षं ती चालवत होत्या. दिवाळीला त्यांचा फोन यायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "अजून चालवतेय."

परतताना दिवस मावळायला आला होता. पाहुणे जिंतुरात राहिले, टेम्पोत आम्हीच. पोरं मागे गाद्यांवर झोपली. मी आणि माय भांड्यांमध्ये बसलो होतो. दादा गाडी चालवत होते, काका शेजारी माईकपाशी बसले होते. झरी जवळ आली, कोसभर राहिली असेल, तेव्हा त्यांनी टेम्पो कडेला घेतला, उतरले आणि मागच्या फळीशी आले.

"काय झालं?" माय म्हणाली. "पंक्चर हाय का?"

"न्हाई." ते जरा घुटमळले. "तुला इचारायचं व्हतं. तू मागं बसतीस का पुढं येतीस?"

लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पण हा प्रश्न मायला कुणी विचारला नव्हता. ती भांड्यांकडे बघत राहिली. मग पुढच्या सीटकडे. मग अंधारत चाललेल्या ज्वारीच्या शेतांमधून झरीकडे जाणाऱ्या रस्त्याकडे.

"मला उतरायचंय," ती म्हणाली.

"कामून? तब्येत बरी न्हाई का?"

"चांगली हाय. चालत येते मी."

दादांचं तोंड उघडलं. एवढी गाडी असताना, असं ते म्हणणार होते, हे मला दिसत होतं. पण त्यांनी तोंड मिटलं आणि फळी खाली सोडली. माय उतरली, पदर खोचला आणि झरीच्या दिशेने चालायला लागली. हात मोकळे होते. डोक्यावर घागर नव्हती, काखेत टोपलं नव्हतं. तिला असं रिकाम्या हाताने चालताना मी कधी बघितलं नव्हतं. दादांनी गाडी तिच्या मागे घातली, पहिल्या गियरमध्ये, दिवे लावून, म्हणजे तिला खड्डे दिसावेत. काका माईककडे हात नेत होते तो दादांनी धरला.

घरी पोचल्यावर माय ओसरीच्या पायरीवर पाय पसरून बसली. दादांनी पाणी आणून दिलं आणि विचारलं, "पाय दुखायलेत का?"

"लय दुखायलेत," माय म्हणाली, आणि इतकी खूश मी तिला कधी बघितली नव्हती.